घरचा संगणक : खिडकी कशी उघडावी, हे घरधन्याने ठरवावे



या पानावर आपण बेण्याची निवड, खोडव्याची निगा, पाचट न जाळता कुजवणे असे विषय वाचत आला आहात. या खेपेस विषय जरा वेगळा घेतला आहे. ऊस नाही, खत नाही, पाण्याची पाळीही नाही. विषय आहे घरच्या संगणकाची खिडकी. कोणी म्हणेल, "कारखान्याच्या अंकात हे काय काढलं बाप्पा?" तरी थोडे पुढे वाचावे अशी विनंती आहे. कारण या खिडकीपायी आपल्याच एका सभासद बंधूंचा दोन एकर ऊस कागदावर अर्ध्या एकराच्या आत आला होता.

झाले ते असे. या बंधूंच्या घरी मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेला संगणक आहे. लागवड झाल्यावर ऊस नोंदीचा अर्ज त्यांनी घरीच टाइप करावयास घेतला. सातबारा पडद्यावर काढला आणि अर्जही उघडला. पण सातबाऱ्याची खिडकी उघडली ती अर्जाच्या बरोबर डोक्यावर. सातबारा पाहावा तर अर्ज झाकला जाई, अर्ज लिहावा तर सातबारा झाकला जाई. मग त्यांनी आपण सारेच करतो तेच केले. क्षेत्र पाहिले, मनात धरले आणि अर्जात लिहिले. सातबाऱ्यावर होते ०.८१ हेक्टर. अर्जात पडले ०.१८. आकडे तेच, जागा तेवढी बदलली. ०.८१ म्हणजे दोन एकर, ०.१८ म्हणजे जेमतेम अठरा गुंठे. अर्जावरून वहीत नोंद झाली आणि वहीवरून तोडणीचा अंदाज झाला. टोळी वावरात आली तेव्हा चूक उघडी पडली. फेरमोजणी झाली, नोंद दुरुस्त झाली. पण मधले दिवस गेले. ऊन चढलेले, उसाला तुरा आलेला. अशा वेळी उभ्या उसाचे वजन दिवसागणिक घटते, हे शेतकऱ्याला आम्ही काय सांगावे?

या प्रसंगात दोष कोणाचा, याची चर्चा आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की दोन्ही कागद पडद्यावर शेजारी शेजारी असते, तर ही चूक बहुधा झाली नसती. आणि ते शेजारी ठेवणे अवघड नाही. संगणकाची खिडकी केवढी उघडावी, कोठे उघडावी, उघडावी की मिटलेली ठेवावी, हे सारे आपल्याला ठरवता येते. ते कसे, तेच या लेखात पाहू.

१. खिडकी म्हणजे काय?

संगणकावर आपण एखादे काम उघडले की पडद्यावर एक चौकोन उघडतो. त्यालाच खिडकी किंवा 'विंडो' म्हणतात. पत्र लिहावयाचे असेल तर पत्राची खिडकी, हिशेबाचा तक्ता असेल तर तक्त्याची, इंटरनेटवर काही पाहावयाचे असेल तर त्याची निराळी. टेबलावर जसे कागद पसरतो तसाच हा प्रकार आहे. टेबल म्हणजे पडदा आणि कागद म्हणजे खिडक्या.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीची संशोधन प्रयोगशाळा होती. तेथे १९७३ साली 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. पडद्यावर खिडक्या आणि हातात माऊस, ही पद्धत तेथे आकाराला आली. पुढे मायक्रोसॉफ्ट कंपनीने २० नोव्हेंबर १९८५ रोजी आपल्या 'विंडोज'ची पहिली आवृत्ती बाजारात आणली. तिच्यात एक गंमत होती. कामाच्या खिडक्या एकमेकींवर चढत नसत. फरशा बसवाव्यात तशा एकीला लागून एक बसत.

आपल्याकडच्या माणसाला हे लगेच कळेल. धानाच्या बांध्या डोळ्यांपुढे आणाव्यात. एका बांधीला लागून दुसरी, मध्ये धुरा. एक बांधी दुसरीवर कधी चढत नाही. पहिल्या विंडोजमधील खिडक्या अशाच होत्या. १९८७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून मात्र खिडक्या एकीवर एक येऊ लागल्या. त्यात सोय झाली, कारण लहान पडद्यावर पुष्कळ कामे मावू लागली. पण घोळही तेथूनच सुरू झाला. वरची खिडकी खालचीला झाकू लागली आणि पाहणाऱ्याला वाटू लागले, "माझा कागद गेला कुठं?" १९९५ साली पडद्याच्या तळाशी एक पट्टी आली. तिला 'टास्कबार' म्हणतात. उघडलेली प्रत्येक खिडकी तिच्यावर दिसते, मग ती झाकलेली का असेना. आणि २००९ सालच्या 'विंडोज ७' पासून खिडक्या पुन्हा बांध्यांसारख्या शेजारी बसवण्याची सोपी सोय झाली. आपल्याला मुख्यतः हीच सोय शिकावयाची आहे.

२. खिडकीच्या तीन अवस्था

कोणतीही खिडकी उघडली की तिच्या माथ्यावर एक पट्टी असते. पट्टीच्या उजव्या टोकाला तीन खुणा असतात. आडवी रेघ, चौकोन आणि फुली.

आडव्या रेघेवर माऊसने टिचकी मारली की खिडकी मिटून खालच्या पट्टीवर जाऊन बसते. ती बंद झालेली नसते. काम तसेच चालू असते, कागद फक्त बाजूला ठेवलेला असतो. पट्टीवरच्या तिच्या खुणेवर टिचकी मारली की ती परत वर येते.

चौकोनावर टिचकी मारली की खिडकी साऱ्या पडद्यावर पसरते. पुन्हा तेथेच टिचकी मारली की ती पूर्वीच्या आकारात येते. हेच काम माथ्याच्या पट्टीवर दोनदा पटपट टिचकी मारूनही होते.

फुलीवर टिचकी मारली की खिडकी बंद होते. काम जतन केलेले नसेल, तर पुष्कळ कार्यक्रम आधी विचारतात, "जतन करू काय?" हा प्रश्न वाचल्याशिवाय उत्तर देऊ नये.

मिटलेली, पसरलेली आणि मधल्या आकाराची, अशा या तीन अवस्था आहेत. मधल्या आकाराच्या खिडकीची कड माऊसने धरून ओढली की ती लहान-मोठी होते, आणि माथ्याची पट्टी धरून ओढली की ती हवी तेथे सरकते. एवढे हाताला बसले की निम्मा धडा झाला असे समजावे.

येथे एक चूक आम्ही वारंवार पाहिली आहे. एखाद्या चित्रावर दोनदा टिचकी मारली आणि खिडकी दिसली नाही, की माणूस पुन्हा मारतो, पुन्हा मारतो. खिडकी कधी उघडावयास वेळ घेत असते, तर कधी खाली मिटलेली असते. शेवटी एकाच कामाच्या सात-आठ खिडक्या उघडतात, यंत्र जड होते आणि घरचे म्हणतात, "बिघडलं वाटते!" म्हणून खिडकी दिसली नाही तर आधी खालच्या पट्टीकडे पाहावे. 'आल्ट' कळ दाबून धरून 'टॅब' कळ दाबली तरी उघडलेल्या साऱ्या खिडक्यांची लहान चित्रे दिसतात. हवी ती निवडावी.

३. मागच्या खेपेची आठवण

पुष्कळ कार्यक्रम आपली मागची जागा आणि आकार लक्षात ठेवतात. बैलाला जसा आपला खुंटा ठाऊक असतो, तसेच हे. खिडकी ज्या जागी व ज्या आकारात असताना आपण बंद केली, त्याच जागी व आकारात ती पुढल्या खेपेस उघडते.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे. खिडकी हवी तेवढी करावी, हवी तेथे आणावी आणि मग फुलीने व्यवस्थित बंद करावी. त्याच कार्यक्रमाच्या दोन-तीन खिडक्या उघड्या असतील तर आधी बाकीच्या बंद कराव्यात आणि जी नीट लावली आहे ती शेवटी बंद करावी. बहुधा शेवटी बंद झालेल्या खिडकीचाच आकार पुढे चालतो.

"व्यवस्थित बंद करावी" यावर आम्ही मुद्दाम भर देतो. ही आठवण बऱ्याच कार्यक्रमांत बंद होतेवेळी लिहिली जाते. मध्येच लाईट गेली, किंवा कोणी बटणच दाबून यंत्र बंद केले, तर ती लिहिली जात नाही. मग दुसऱ्या दिवशी खिडकी जुन्याच जागी उघडते आणि आपण म्हणतो, "कालच तर नीट केलं होतं!" आकार तर जाऊ द्या, जतन न केलेला मजकूरही अशाने जातो. लिहिता लिहिता 'कंट्रोल' आणि 'एस' या कळा एकत्र दाबून काम जतन करण्याची सवय घरातील सर्वांनी लावून घ्यावी.

४. कायमचा हुकूम

काही कार्यक्रम मात्र ही आठवण ठेवत नाहीत. दर वेळी लहानशी खिडकी उघडतात आणि वयस्कर माणसाला अक्षर दिसत नाही. अशांना कायमचा हुकूम देता येतो. तो असा.

पडद्यावरील त्या कामाचे चित्र पाहावे. चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात लहान बाण असेल तर तो 'शॉर्टकट' होय, म्हणजे मूळ कार्यक्रमाकडे नेणारी आडवाट. त्याच्यावर माऊसची उजवी कळ दाबावी. यादी उघडेल. तिच्यातील 'प्रॉपर्टीज' निवडावे. जी चौकट येईल तिच्यात 'शॉर्टकट' नावाचे पान असते. त्या पानावर 'रन' असे लिहिलेले असून त्यापुढे तीन पर्याय असतात. 'नॉर्मल विंडो' म्हणजे नेहमीची, 'मिनिमाइज्ड' म्हणजे मिटलेली आणि 'मॅक्सिमाइज्ड' म्हणजे पूर्ण पसरलेली. हवा तो निवडून 'ओके' दाबावे. नुसती फुली मारली तर हुकूम नोंदला जात नाही.

याबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, हा हुकूम त्या एका आडवाटेपुरता असतो. तोच कार्यक्रम खालच्या पट्टीवरूनही आपण उघडत असू, तर तेथला हुकूम निराळा द्यावा लागतो. पट्टीवरील चित्रावर उजवी कळ दाबावी, वर येणाऱ्या यादीत कार्यक्रमाचे नाव दिसते त्यावर पुन्हा उजवी कळ दाबावी, म्हणजे तेथेही 'प्रॉपर्टीज' सापडते.

दुसरी, सारेच कार्यक्रम हा हुकूम मानतात असे नाही. काही आपल्याच मनाने उघडतात. त्यांच्यासाठी वर सांगितलेला आठवणीचा उपाय किंवा पुढे येणारा कळांचा उपाय वापरावा. यंत्र बिघडले असे समजू नये.

तिसरी, विंडोजच्या दुकानातून, म्हणजे 'मायक्रोसॉफ्ट स्टोअर'मधून उतरवलेल्या पुष्कळ कार्यक्रमांना हे पान नसतेच. ते शोधत बसू नये.

५. दोन कागद शेजारी : या धड्याचे मुख्य काम

कळफलकावर डावीकडे खाली, चार चौकटींच्या खिडकीची खूण असलेली एक कळ असते. तिला आपण 'विंडोज कळ' म्हणू. ती दाबून धरावी आणि डावा बाण दाबावा. समोरची खिडकी पडद्याच्या डाव्या अर्ध्यात चपखल बसते. विंडोज १० व ११ मध्ये उजव्या अर्ध्यात बाकीच्या उघड्या खिडक्यांची लहान चित्रे दिसतात. हवी तिच्यावर टिचकी मारावी, ती उजवीकडे बसते. झाल्या दोन बांध्या तयार. दोघींच्या मधली कड धरून सरकवली तर एक रुंद आणि एक अरुंद करता येते.

विंडोज कळ आणि वरचा बाण दाबला की खिडकी पूर्ण पसरते. विंडोज कळ आणि खालचा बाण दाबला की लहान होते. आणखी एकदा दाबला की मिटते.

आता सातबाऱ्याचे काम पाहू. महाभूलेखाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक दिला की सातबारा पाहावयास मिळतो. तो इंटरनेटच्या खिडकीत उघडतो. त्याच खिडकीत आपण दुसरे काही उघडले, तर ते शेजारी न येता माथ्यावर नवे 'टॅब' म्हणून येते, म्हणजे एका फाईलीत दुसरा कागद लावल्यासारखे. दोन टॅब सहसा एका वेळी दिसत नाहीत, येथेच बहुतेकांची अडचण होते. उपाय असा की टॅबचा माथा माऊसने धरावा आणि खाली ओढून सोडावा. त्याची स्वतंत्र खिडकी होते. मग विंडोज कळ आणि बाण वापरून एक डावीकडे, एक उजवीकडे बसवावी.

डावीकडे सातबारा, उजवीकडे अर्ज. आता गट क्रमांक पाहून लिहावा, मनात धरून लिहू नये. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. ते सातबाऱ्यावर आहे तसेच उतरवावे आणि एकर करावयाचे तर निराळ्या जागी करावेत. एक हेक्टर म्हणजे १०० आर आणि एक एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर. अक्षर बारीक वाटले तर इंटरनेटच्या खिडकीत 'कंट्रोल' आणि अधिकाचे चिन्ह दाबावे, अक्षर मोठे होते. 'कंट्रोल' आणि शून्य दाबले की पूर्ववत होते.

सातबाऱ्यातील गाव नमुना सात हा हक्काचा आणि नमुना बारा हा पिकाचा, हे आपण जाणताच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करण्याची पद्धत आली. तेव्हा नमुना बारावर ऊस लागला आहे काय, क्षेत्र तेच आहे काय, हे कारखान्याकडील नोंदीशी शेजारी ठेवून ताडून पाहावे. तफावत दिसली तर लागवडीनंतर लगेच सांगावी. तोडणीच्या तोंडावर सांगितले तर धावपळ सर्वांचीच होते.

६. खिडकी हरवली तर

कधी कधी खालच्या पट्टीवर खूण दिसते, पण खिडकी पडद्यावर येतच नाही. घरी संगणक टीव्हीला जोडून लग्नाचे चित्रीकरण पाहिलेले असते. टीव्ही काढला, पण खिडकी आपली जुनी जागा विसरलेली नसते. ती टीव्हीच्या जागेवर, म्हणजे आता पडद्याबाहेर उघडते. घाबरण्याचे कारण नाही. खालच्या पट्टीवरील तिच्या खुणेवर एकदा टिचकी मारावी. 'आल्ट' आणि लांब कळ, म्हणजे 'स्पेस', एकत्र दाबावी. मग 'एम' अक्षराची कळ दाबावी. नंतर कोणताही एक बाण एकदा दाबून माऊस हलवावा. खिडकी माऊसला चिकटून पडद्यावर येते. 'एंटर' दाबून सोडावी. मग तिला नीट जागेवर ठेवून बंद करावी, म्हणजे पुढल्या खेपेस ती तेथेच उघडते.

दुसरी तक्रार असते की पावती किंवा उतारा काढावयास बटण दाबले तर काहीच होत नाही. पुष्कळ वेळा ती पावती नव्या खिडकीत उघडू पाहते आणि इंटरनेटचा कार्यक्रम तिला अडवतो. जाहिरातींच्या खिडक्यांचा त्रास होऊ नये म्हणून तशी व्यवस्था असते. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला अडवल्याची लहान खूण दिसते. तिच्यावर टिचकी मारून त्या एका संकेतस्थळापुरती परवानगी द्यावी. सरसकट सर्वांना परवानगी देऊ नये. दार उघडे टाकले की गाईसोबत मोकाट ढोरेही शिरतात.

तिसरी तक्रार फाईलींच्या कप्प्यांची आहे. एक कप्पा उघडावा तर त्याच खिडकीत उघडतो आणि आधीचा दिसेनासा होतो. किंवा उलट, प्रत्येक कप्प्याला नवी खिडकी उघडून पडदा भरून जातो. कप्प्यांच्या खिडकीत 'ऑप्शन्स' निवडले की 'जनरल' पानावर दोन पर्याय मिळतात. सारे कप्पे एकाच खिडकीत उघडावेत, की प्रत्येकाची खिडकी वेगळी असावी. नवशिक्याने एकच खिडकी ठेवावी. ज्याला दोन कप्प्यांतील कागद ताडावयाचे असतात त्याने वेगळ्या ठेवाव्यात.

७. वारणेचा अनुभव

संगणक आणि ऊस यांची गाठ आपल्या राज्यात पूर्वीच पडली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे १९९८ साली वारणेच्या सहकारी संस्था आणि सरकार यांनी मिळून एक प्रकल्प उभारला. परिसरातील ७० गावे संगणकाने जोडण्याची ती योजना होती. गावातील केंद्रावर ऊस नोंद, तोडणी, वजन यांची माहिती मिळावी, हा हेतू होता. सभासदाचा कारखान्यापर्यंतचा हेलपाटा वाचावा, ही त्यामागील दृष्टी खरोखर मोठी होती. पुढे काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या संदेशावर तीच माहिती देण्याचा प्रयोगही झाला आणि तो शेतकऱ्यांना सोयीचा वाटला.

यातून आम्ही एक बोध घेतो. गावच्या केंद्रावर यंत्र होते, पण ते चालवावयास केंद्रावरचा माणूस असे. शेतकरी विचारी, तो पाहून सांगे. आता यंत्र आपल्या घरात आहे. मध्ये सांगणारा कोणी नाही. पडद्यावर काय उघडावे, केवढे उघडावे, कशाशेजारी उघडावे हे आता आपल्यालाच पाहावयाचे आहे. जो आपला उतारा आणि आपली नोंद आपल्या डोळ्यांनी शेजारी ठेवून वाचतो, त्याला कोणाच्या भरवशावर राहावे लागत नाही.

आपल्या झाडीपट्टीत तलाव पुष्कळ. नवेगावबांधच्या भागात कोहळी समाजाने तलाव बांधले आणि त्या पाण्यावर धान व ऊस पिकवला, हा आपल्या जिल्ह्याचा अभिमानाचा इतिहास आहे. तलावाचे तुडूम केव्हा आणि किती उघडावे, हे ज्यांची पिके त्या पाण्यावर असत ते ठरवीत. पाणी आपल्या मनाने वाहू दिले असते तर बांध्या राहिल्या नसत्या. संगणकाच्या खिडकीचेही तसेच समजावे.

८. काही सूचना

सेवा केंद्रावर किंवा दुसऱ्याच्या घरी बसून काम केले तर तेथल्या हुकुमांना हात लावू नये. मात्र उठण्यापूर्वी आपल्या खिडक्या बंद कराव्यात. मिटलेली खिडकी बंद नसते, हे वर सांगितलेच आहे. आपल्या बँकेचा किंवा सातबाऱ्याचा कागद खालच्या पट्टीवर तसाच राहिला तर मागून येणारा तो उघडू शकतो. खात्यात शिरले असाल तर आधी 'लॉग आऊट' करावे, मग खिडकी बंद करावी.

संगणक सुरू होताच दहा कार्यक्रम आपोआप उघडत असतील तर तेही थांबवता येते. 'सेटिंग्ज'मध्ये 'ॲप्स' आणि त्यात 'स्टार्टअप' असे पान असते. जे ओळखता येते आणि लागत नाही तेवढेच बंद करावे. जे कळत नाही त्याला हात लावू नये.

घरी विंडोज १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी कंपनीने तिचा नेहमीचा आधार थांबवला आहे, हेही ठाऊक असावे. यंत्र चालते, वर सांगितलेल्या कळाही चालतात. पण सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. बँकेचे व्यवहार अशा यंत्रावर करण्यापूर्वी जाणत्या माणसाला विचारावे.

९. घरी करून पाहावे

हा लेख वाचून बाजूला ठेवू नये. रात्री जेवणे झाल्यावर मुलगा, मुलगी किंवा सूनबाई यांना सोबत घ्यावे आणि पुढील पाच गोष्टी स्वतःच्या हाताने कराव्यात. त्यांनी करून दाखवू नये, नुसते शेजारी बसावे.

एक, कोणतीही खिडकी उघडून ती पसरावी, मिटवावी आणि परत आणावी.

दोन, ती अर्ध्या पडद्याएवढी करून बंद करावी आणि पुन्हा उघडून आठवण राहिली काय ते पाहावे.

तीन, नेहमीच्या एका कामाच्या शॉर्टकटला 'मॅक्सिमाइज्ड'चा हुकूम द्यावा.

चार, सातबारा डावीकडे आणि कोरा कागद उजवीकडे बसवावा. गट क्रमांक आणि क्षेत्र पाहून उतरवावे, मग दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घेऊन ताडावे.

पाच, साऱ्या खिडक्या एकेक करून बंद कराव्यात आणि यंत्र रीतसर बंद करावे.

पहिल्या दिवशी तासभर लागेल, चौथ्या दिवशी दहा मिनिटे पुरतील. नांगर पहिल्यांदा हाती धरला तेव्हा तास वाकडेच गेले होते. आज डोळे झाकून सरळ जातात.

ज्या सभासद बंधूंची हकीगत आरंभी दिली, त्यांच्याकडे आम्ही पुढे एकदा गेलो होतो. नव्या लागवडीचा अर्ज चालला होता. पडद्यावर डावीकडे सातबारा, उजवीकडे अर्ज. सूनबाई वाचत होत्या, "शून्य पॉइंट एक्क्याऐंशी," आणि ते प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून पाहत होते. आम्हाला पाहून हसले आणि म्हणाले, "आता आधी दोन्ही कागद मांडतो, मंगच लिवतो."

आपणही तसेच करावे, ही विनंती. अडचण आली तर गट कार्यालयात येऊन सांगावी. कळ कोठे अडली ते कागदावर लिहून आणले, तर सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही सोपे जाईल.